शिष्यवृत्तीच्या चोपड्यातला शेवटचा रकाना

सलाटवाडा_१९७६
मंगळवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे. तोडून विचारला तर उत्तरंही तुटक येतील, म्हणून सगळं सांगते.

बडोद्यातल्या एका मराठी मंडळाच्या शिष्यवृत्ती समितीवर मी सहा वर्षांपासून आहे. आठवी ते बारावीच्या मुलांना दर जूनमध्ये फी आणि पुस्तकांपुरती रक्कम देतो. १९८६ पासून एका वर्षाचाही खंड नाही. त्याचा हिशेब एका लाल कापडी चोपड्यात आहे, दिवाळीला व्यापारी पूजतात तसल्या. आधीच्या चिटणीसकाकांनी तो माझ्या हातात दिला तेव्हा नाव, इयत्ता, शाळा, पत्ता, टक्के, रक्कम, सही हे सगळे रकाने नीट भरलेले होते. 'वडिलांचा धंदा' हा रकाना तर वाचतच बसावा असा आहे. 'मिल (बंद)'. 'शिवणकाम, घरीच'. 'शेव-उसळची लारी, प्रतापनगर'. 'भिक्षुकी'. 'रिक्षा, भाड्याची'. एका ओळीत नुसतंच 'आई पोळ्या करते', वडिलांबद्दल अक्षर नाही.

शेवटचा रकाना आहे 'पुढे काय'. तो पहिल्या पानापासून आजपर्यंत कोरा आहे. कुणीतरी पट्टी लावून रेघ मारली, वर नाव घातलं, आणि त्यात कधीच काही लिहिलं गेलं नाही. १९९० च्या पानावर माझंही नाव आहे. 'शिवणकाम, घरीच' म्हणजे माझे बाबा. माझ्या नावापुढेही कोरंच.

आता अडचण सांगते. पुढच्या महिन्यात विश्वस्तांची सभा आहे आणि ठराव असा येतोय की ८० टक्क्यांच्या वरच्यांनाच शिष्यवृत्ती द्यावी, म्हणजे पैसा सत्कारणी लागेल. ठराव मांडणारी माणसं चांगली आहेत, त्यांची तळमळ खरी आहे. पण मला राहून राहून वाटतं की आपण नेमक्या मुलांना सोडतोय. ८५ टक्केवाल्याला कुणी ना कुणी हात देतंच. शाळा देते, मामा देतो. ५५ टक्क्यांवरचा, घरात पहिल्यांदाच दहावीपर्यंत पोचलेला, तो गळतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पण हे झालं माझं वाटणं. सभेत वाटण्यावर काही ठरत नाही, आकडे लागतात.

मी हिशेबाचं काम करते, आकड्यांना भीत नाही. पण माझे आकडे जमा-खर्चाचे. म्हणून रात्री बसून वाचायला लागले. अमेरिकेत हार्वर्डच्या राज चेट्टींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या जनगणना खात्याबरोबर २०१८ मध्ये 'ऑपॉर्च्युनिटी ॲटलस' नावाचा नकाशा सगळ्यांसाठी खुला केला. १९७८ ते १९८३ मध्ये जन्मलेली सुमारे २ कोटी मुलं लहानपणी कुठल्या वस्तीत वाढली आणि पस्तिशीच्या आसपास किती कमवू लागली, ते त्यात वस्तीवार पाहता येतं. वस्ती म्हणजे सरासरी चार-साडेचार हजार माणसं, आपल्याकडचा एखादा मोठा मोहल्ला. शार्लट शहराची हकिगत तर मी दोनदा वाचली. २०१४ मध्ये त्यांनी ५० मोठ्या शहरांची तुलना केली. उत्पन्नाने तळच्या पाचव्या हिश्शातल्या घरातलं मूल वरच्या पाचव्या हिश्शात पोचण्याची शक्यता शार्लटमध्ये निघाली ४.४ टक्के, पन्नासांत सर्वांत कमी. सॅन होजेत तीच १२.९. शार्लट म्हणजे बँकांचं, भरभराटीचं शहर, आणि गरिबाच्या लेकराला वर यायला तिथेच सर्वांत कठीण. गावाने तो आकडा मनाला लावून घेतला, समिती नेमली आणि काम सुरू केलं.

असा नकाशा बडोद्याचा कुठे मिळेल का? वारसिया, फतेपुरा, नवापुरा, गोरवा, तरसाली, कुठलं मूल कुठे पोचतं? आणि पूर्ण नकाशा नसेल तर निदान गळती कुठे होते एवढं तरी?

मी आतापर्यंत एकच काम केलंय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची वडोदरा जिल्ह्याची दोन पत्रकं उतरवून घेतली, २०१५-१६ चं आणि २०१९-२१ चं. दहा किंवा जास्त वर्षं शिकलेल्या बायकांचं प्रमाण, अठराच्या आत झालेली लग्नं, संडास, स्वयंपाकाचा गॅस असं बरंच काही त्यात आहे. दोन्ही शेजारी ठेवून 'एवढ्या वर्षांत काय बदललं' असा तक्ता केलाय. सभेत त्यानेच सुरुवात करावी म्हणते. बरोबर आहे ना?


कवांटचा_मास्तर
बुधवार, सकाळी ६.५०

ताई, तो तक्ता सभेत मांडू नका.

दोन्ही पत्रकांवर नाव 'वडोदरा' आहे, पण जिल्हे दोन आहेत. २०१३ मध्ये छोटा उदेपूर वेगळा झाला. २०१५-१६ ची पाहणी मात्र २०११ च्या जनगणनेतले ६४० जिल्हे धरून झाली, म्हणजे तिच्यात आमचं कवांट, नसवाडी, जेतपूर पावी, सगळं वडोदऱ्यातच मोजलंय. पुढच्या पाहणीने मार्च २०१७ चे ७०७ जिल्हे धरले. तिच्यातल्या वडोदऱ्यात आम्ही नाही. २०११ मध्ये तुमचा जिल्हा ४१ लाखांवर होता, त्यातली दहा लाखांवर माणसं, बहुतेक आदिवासी, दुसऱ्या पत्रकातून निघून गेली.

मी कवांटला अकरा वर्षं शिकवलं. दिवाळी झाली की घरंच्या घरं काठियावाडात मजुरीला जायची, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरं सगळं घेऊन. पट बेचाळीसचा, समोर सतरा-अठरा बसलेली. होळीच्या आधी परत यायची, कारण गेरचा मेळा कुणी चुकवत नाही, आणि तोवर माझं गणित पाच धडे पुढे गेलेलं असायचं. ही मुलं मोजणीतून काढली की उरलेला जिल्हा जागच्या जागी शिकलेला दिसतो. एकही मूल जास्त शिकलं नाही तरी दिसतो. तुमच्या तक्त्यातल्या फरकात खरी सुधारणा किती आणि आम्ही गेल्यामुळे किती, ते त्या दोन कागदांवरून सुटं करता येणार नाही.

तुलना करायचीच तर दुसऱ्या पाहणीतले दोन्ही जिल्हे, वडोदरा आणि छोटा उदेपूर, एकत्र धरून लोकसंख्येच्या प्रमाणात आकडा काढा आणि मग जुन्याशी ताडून बघा. तेही ढोबळच.


पाहणीवाला_निवृत्त
बुधवार, दुपारी ३.१५

मास्तरांशी पूर्ण सहमत. आता मोठ्या प्रश्नाकडे येतो. सरकारी नमुना पाहणीसाठी घरोघरी जाऊन तक्ते भरण्यात माझी २९ वर्षं गेली, त्यातली निम्मी बडोदे आणि आसपास. त्यामुळे आकडा कागदावर येण्याआधी कसा असतो ते मला माहीत आहे.

तुम्हाला हवा तसा नकाशा आपल्याकडे नाही, आणि का नाही ते समजून घ्या, म्हणजे उगाच शोधत बसणार नाही. अमेरिकेत आईबापांच्या कर विवरणात मुलाचं नाव आणि क्रमांक असतो. तेच मूल मोठं होऊन स्वतःचं विवरण भरतं. दोन्ही जोडली की बाप कुठे होता आणि लेक कुठे पोचली ते दिसतं. आपल्याकडे बहुसंख्य माणसं आयकर विवरणात येतच नाहीत. शेव-उसळच्या लारीचं उत्पन्न कुठल्या विवरणात शोधणार? म्हणून आपला सगळा भार पाहण्यांवर. आणि पाहणीचं एकक म्हणजे चूल.

हे 'चूल' प्रकरण नीट सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा जीव त्यातच आहे. आमच्या व्याख्येत कुटुंब म्हणजे नेहमी एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकात जेवणारी माणसं. एकदा बडोद्याच्या वाडी भागात एका जुन्या घरी गेलो होतो. जिना इतका अरुंद की माझी पिशवी पुढे धरून चढावं लागलं. वर आजोबा, आजी आणि धाकटा मुलगा. मी विचारत गेलो, लिहीत गेलो. आजोबा पूर्वी छापखान्यात जुळारी, मुलगा दहावी नापास, रिक्षा चालवतो. तक्ता भरून झाला, आजींनी चहा ठेवला, आणि मग कपाटातून फोटो काढला. थोरला मुलगा इंजिनिअर, पुण्यात. मुलगी सुरतेला शाळेत शिक्षिका. मी म्हटलं, आजी, हे दोघं इथे जेवत नाहीत, मला लिहिता येत नाही. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "अहो पण सांगण्यासारखी तीच दोघं आहेत."

पुण्याचा मुलगा पुण्याच्या एखाद्या तक्त्यात कधी आलाच, तर तिथे तो फक्त 'कुटुंबप्रमुख, अभियंता' असेल. त्याचा बाप जुळारी होता हे तिथे कुणी विचारणार नाही. एकत्र राहणाऱ्यांवरून बाप-लेकाची तुलना केली तर जे घरी राहिले तेच दिसतात. जे निघून गेले ते गळतात, आणि लग्न होऊन गेलेल्या मुली तर सरसकट गळतात. भारतातल्या पिढ्यांवर सॅम ॲशर, पॉल नोवोसाद आणि चार्ली रॅफकिन यांनी केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. उत्पन्न मिळत नाही म्हणून त्यांनी शिक्षण धरलं, आणि मुख्य निष्कर्ष बाप-मुलगे यांच्यावरच काढले, ते याच कारणाने. त्यांना असं आढळलं की उदारीकरणाच्या आधीच्या आणि नंतरच्या पिढीत वर चढण्याचं प्रमाण एकूणात फारसं बदललेलं नाही. अनुसूचित जातींचं सुधारलं, मुस्लिमांचं घसरलं. हे चित्र देशाचं. त्यातून फतेपुऱ्याचं काही कळणार नाही.

'मग श्रमबल पाहणी का नको,' असं तुम्ही विचारालच. पीएलएफएस २०१७ पासून चालू आहे, घराघराचा कच्चा तपशील नावं काढून सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो, त्यात शिक्षण, काम, कमाई सगळं आहे. जानेवारी २०२५ पासून बहुतेक राज्यांत नमुना निवडताना जिल्हा हा पाया धरतात, ही मोठीच सुधारणा. पण एका घरी चार वेळा जातात आणि मग ते घर सुटतं. दहा वर्षांनी त्या पोराचं काय झालं ते विचारायला कुणी जात नाही. त्याच घरांत वर्षांनी परत गेलेली पाहणी म्हणजे आयएचडीएस, २००४-०५ ला सुमारे ४१ हजार घरं आणि पुन्हा २०११-१२ ला. तिच्यात कुटुंबप्रमुखाच्या बापाचं शिक्षण आणि धंदाही विचारलाय. उत्तम काम आहे, पण अख्ख्या देशासाठी ४१ हजार म्हणजे बडोद्याच्या वाट्याला काय येणार?

आता तुमच्या कामाचं. वस्ती कशी आहे हे सांगणारे आकडे भरपूर आहेत: २०११ च्या जनगणनेची वॉर्डवार पत्रकं (घरं, पाणी, संडास, साक्षरता, कामगार). पण ते वॉर्ड आजचे नव्हेत. आज महापालिकेचे १९ वॉर्ड आणि ७६ नगरसेवक आहेत, तेव्हा रचना वेगळी होती. नकाशावर नकाशा ठेवून बघावं लागेल. २०२७ ची जनगणना आली की ताजं मिळेल. वस्तीतलं मूल कुठे गेलं हे सांगणारं मात्र यात काहीच नाही, ते कुठल्याही सरकारी कागदात नाही.

ते तुमच्या चोपड्यात आहे. १९८६ पासूनची नावं, पत्ते, बापाचा धंदा, त्या वेळचे टक्के. सुरुवातीची नोंद चाळीस वर्षांपूर्वी तुमच्या काकांनी करून ठेवलीय. शेवटचा रकाना भरायचा राहिलाय, आणि भरायला फोन आणि पाय लागतात. एवढी वर्षं तक्ते भरले म्हणून सांगतो, अशी यादी माझ्या हातात कधी आली असती तर मी रजा काढून बसलो असतो.

तीन गोष्टी सांभाळा. जे सापडतात तेवढ्यांवरून निष्कर्ष काढू नका. बरं चाललेला माणूस लवकर सापडतो, हलाखीतला सापडत नाही, म्हणून किती सापडले नाहीत तो आकडा सगळ्यांत आधी लिहा. दुसरं, ज्यांनी अर्ज केला आणि मिळाली नाही त्यांची यादी असेल तर ती सोन्यासारखी आहे, तुलना तिच्याशीच करता येईल. आणि संगणकात नाव-पत्ता घालू नका, अनुक्रमांक घाला, नावं चोपड्यातच राहू द्या. अमेरिकेच्या त्या नकाशातही लहान वस्तीतला माणूस ओळखू येऊ नये म्हणून आकडे मुद्दाम किंचित हलवलेले आहेत.


मकरपुरा_सेकंड_शिफ्ट
बुधवार, रात्री ११.४०

शिफ्ट संपवून लिहितोय, चूकभूल माफ.

काकांनी गेलेल्यांचं सांगितलं. आत्ता गळतायत त्यांच्यासाठी यूडायस बघा, म्हणजे शाळांची सरकारी माहिती. प्रत्येक शाळेचा ११ आकडी कोड असतो, 'नो युवर स्कूल'वर तो टाकला की शाळेचं पत्रक उघडतं: इयत्तावार मुलं-मुली, शिक्षक, खोल्या. मागची वर्षंही निवडता येतात. आपल्याकडे नगर प्राथमिक समितीच्या बहुतेक शाळा आठवीला संपतात. नववीला दुसरी शाळा शोधावी लागते, लांब असते, कधी माध्यम बदलतं. ताई, तुमची शिष्यवृत्ती आठवीला सुरू होते, म्हणजे बरोब्बर त्या उंबरठ्यावर.

करायचं असं: तुमच्या चोपड्यातली मुलं ज्या दहा-बारा शाळांतून येतात त्या घ्या. या वर्षी त्या भागात आठवीत किती, आणि पुढच्या वर्षी आजूबाजूच्या माध्यमिक शाळांत नववीत किती. मुलगे-मुली वेगळे मोजा. फरक म्हणजे गळती नव्हे, काही मुलं दुसऱ्या भागात जातात, काही गावी जातात. पण एका भागात फरक सारखा मोठा येत असेल तर तिथे जाऊन विचारायचं. शाळा सोडल्याचे दाखले किती दिले हे माहिती अधिकारात मागता येतं, गुजरातेत अर्जाला २० रुपये, तीस दिवसांत उत्तर. गावं-शहरांच्या बदलत्या हद्दींचा घोळ सोडवायला 'श्रग' नावाचा फुकट माहितीसंच आहे, तोही या नोवोसाद मंडळींचाच. त्यात वेगवेगळ्या जनगणनांतलं तेच गाव तेच म्हणून जुळवून दिलंय. जिल्ह्याच्या तक्त्यासाठी मी ते बघून देतो.

माझं स्वतःचं सांगतो. दहावीला ५८ टक्के. आमच्या घरी कुणाला आयटीआय म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. शेजारच्या भाईंनी फॉर्मची तारीख सांगितली, आणि तरसालीला जायचा बसचा पास एका शिक्षिकेने स्वतःच्या पैशांनी काढून दिला, तीन महिन्यांचा. पुढचे पास मी काढले. फिटर झालो, ॲप्रेंटिस केली, आज पाच माणसं माझ्या हाताखाली आहेत. ८० टक्क्यांचा नियम असता तर मी तुमच्या दारातही उभा राहिलो नसतो.

शनिवारी मोकळा आहे. एक्सेल मी करतो.


वाचनालयात_दुपारी
गुरुवार, दुपारी १.०५

सगळं वाचलं, फार चांगलं चाललंय. एकच शंका मांडते. 'वर आला' हे आपण कशावरून ठरवणार आहोत?

आपल्या गावाने हे एकदा पाहिलेलं आहे. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेलीकडे सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लावला. १९१३ मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबियाला जाण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तीन वर्षांची. करार असा की परत येऊन बडोदा संस्थानात नोकरी करायची. १९१७ मध्ये ते आले. परदेशी पदवी, दरबारची नोकरी. कुठलाही रकाना भरा, सगळीकडे 'वर आला' असंच येईल. आणि या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत पारशी नाव लावून काही दिवस काढले, तिथून काठ्या घेतलेल्या लोकांनी बाहेर काढलं. शेवटी कमाटी बागेतल्या झाडाखाली बसून राहिले, आणि बडोदं सोडून गेले.

शिक्षण होतं, नोकरी होती, पगार होता. घर दिलं नाही म्हणून सगळं थांबलं. म्हणून फोन कराल तेव्हा काम आणि कमाई विचारालच, पण राहता कुठे, घर भाड्याने सहज मिळालं का, कुणी नाही म्हटलं का, हेही विचारा. सिएटलमध्ये या चेट्टींच्याच मंडळींनी घरासाठी सरकारी मदत मिळणाऱ्या कुटुंबांना चांगल्या वस्तीत घर शोधायला माणूस दिला, घरमालकाशी बोलायला, अनामतीला थोडी मदत. ज्यांना ही सोबत मिळाली त्यांतली ५३ टक्के कुटुंबं तशा वस्तीत गेली, ज्यांना नाही त्यांतली १५ टक्के. घरासाठीची सरकारी मदत दोघांच्याही हातात होती.


सलाटवाडा_१९७६
पुढचा सोमवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. मास्तर, तो तक्ता रद्द केला. वाचवलंत.

शनिवारी आणि रविवारी बसलो. मकरपुऱ्याचा भाऊ लॅपटॉप घेऊन आला होता, मी चोपडा उघडून फोन लावत होते. १९९० ते १९९४ ची पानं घेतली. ६२ नावं. चोपड्यात फोन नंबर एकाचाही नाही, त्या काळी कुणाकडे होता? जुन्या पत्त्यावर दुकानदाराला विचार, पुजाऱ्याला विचार, लग्नपत्रिका शोध, असं करत २३ सापडली. ३९ नाही सापडली, आणि पाहणीवाले काकांनी सांगितलं तसं हा आकडा सगळ्यांत वर लिहिलाय. मुली शोधणं फार अवघड गेलं. आडनाव बदललेलं, काहींचं नावही बदललेलं. एकीचं माहेर विकलं गेलंय, तिथे आता मोबाइलचं दुकान.

'आई पोळ्या करते' त्या ओळीतली मुलगी सापडली. तेव्हा ५२ टक्के. आज नर्स आहे, मुलगी तिची कॉलेजात. मी विचारलं, आमच्या पैशांचा काही उपयोग झाला का गं? ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "रक्कम आठवत नाही ताई. पण जूनमध्ये आईला सही करायला यावं लागायचं. काका सगळ्यांसमोर विचारायचे, पोरगी शाळेत जातेय ना? आई हो म्हणायची. एकदा हो म्हटलं की वर्षभर तिला मला काढता यायचं नाही." सहीचा रकाना मी शेकडो वेळा पाहिलाय. निळ्या शाईत वेडीवाकडी अक्षरं, कुठे अंगठा. तो पोचपावतीचा आहे असंच मी समजत होते.

शेव-उसळच्या लारीचा मुलगा ८४ टक्क्यांचा. बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला सोडलं, आज तीच लारी चालवतो, हाताखाली दोन माणसं. म्हणाला, माझा चुलतभाऊ ऑफिसात आहे त्याच्यापेक्षा माझं बरं चाललंय, पण माझ्या पोराने इथे उभं राहू नये. याला 'वर आला' म्हणायचं की नाही यावर आमचा अर्धा तास गेला. शेवटी त्याचे शब्द जसेच्या तसे लिहिले. वाचनालयातल्या ताई, घराचा प्रश्न सगळ्यांना विचारला. दोघांनी आपल्याला घर नाकारलं गेल्याचं सांगितलं, जागेसकट. ते इथे लिहीत नाही.

शाळांचं पत्रकही झालंय, अकरा शाळा. दोन भागांत आठवी आणि नववीच्या पटात सलग तीन वर्षं मोठा फरक येतोय, आणि त्यातला बराचसा मुलींचा. कारण अजून माहीत नाही. परवा मी आणि कवांटचे मास्तर तिथल्या मुख्याध्यापकांना भेटायला जातोय. मास्तर आता बडोद्यातच असतात हे मला ठाऊकच नव्हतं!

सभेत मी ठराव पाडा असं म्हणणार नाही. एवढंच मागणार आहे की एक वर्ष थांबा, आधी चोपडा भरू द्या, आणि या वर्षी त्या दोन भागांतल्या आठवीच्या मुलांना टक्के न बघता घ्या. जूनमध्ये सहीला आई किंवा वडील स्वतः आलेच पाहिजेत हा नियम मधल्या काळात सुटला होता, पैसे थेट खात्यात जातात म्हणून. तो परत आणायचं माझ्या मनात आहे. पाहणीवाले काका, नाकारलेल्या अर्जांचा गठ्ठा माळ्यावर सापडलाय, १९९८ पासूनचा, सुतळी बांधलेला, वाळवी लागलेली नाही.

१९९५ ते १९९९ ची पानं घ्यायला दोन माणसं हवीत. रविवारी सकाळी दहाला मंडळाच्या खोलीत, सुरसागरच्या बाजूने दुसरा जिना. चोपडा बाहेर नेता येत नाही आणि फोटोही काढायचे नाहीत, तेव्हा वही-पेन घेऊन या. सुरतेकडे गेलेल्यांची ओळख-पाळख काढू शकेल असं कुणी असेल तर फार बरं होईल, सात नावं तिकडची आहेत.